सीटखालची जपमाळ

व्हॅक्यूमचं तोंड कशात तरी अडकलं म्हणून अतुलने सीटखाली हात घातला, तर हाती आली जपमाळ. कॅथलिकांची, क्रूस लावलेली. आणि तीही प्रोटेस्टंट साळव्यांच्या गाडीत!

"रुही, हे काय?"

लेकीचा चेहरा पडला. "इट्स नॉट माइन, डॅड."

"मग कोणाची?"

"आय कान्ट टेल यू."

सांगायला कशाला हवं? वसईच्या कॅथलिक घरातला तिचा मित्र ओजस हल्ली फार वेळा दारात दिसायचा. आणि उद्या अतुलला फ्रीमाँटच्या मराठी चर्चच्या मंडळीपुढे धर्मसुधारणेवर बोलायचं होतं: पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकणारे धर्मगुरू, त्यांना एकट्याने भिडलेला ल्यूथर, देव आणि माणूस यांच्यात तिसरा नको हा प्रोटेस्टंट बाणा. ल्यूथरबद्दल तो घरातल्या थोरल्या चुलत्याबद्दल बोलावं तसा बोलायचा. आता कोणत्या तोंडाने बोलणार?

तो वडिलांच्या खोलीत गेला. आबा नगरकडे जन्मभर चर्चचे पाळक होते. आई गेल्यावर अतुलने त्यांना इकडे परदेशात आणलं होतं. दर शनिवारी दुपारी रुही त्यांना लायब्ररीत न्यायची.

"आबा, तुम्हाला लायब्ररीत सोडून ही पोरगी कुठे जाते?"

आबा चष्मा पुसत राहिले. "तिला काही बोलू नकोस. ती खोटं बोलत नाही."

"तिने पंथ बदलला, तर या घराचं दार तिला बंद. तुम्हीच शिकवलंत ना, इथे तडजोड नाही?"

"शिकवलं खरं. पण घाई करू नकोस, बाळा. मन मोकळं करायला माणसाला कुणीतरी लागतं."

नातीपुढे म्हातारा विरघळला, असं अतुलला वाटलं.

दुपारी दोघं गेल्यावर त्याने फोनवर रुहीचं लोकेशन पाहिलं. लायब्ररी केव्हाच मागे पडली होती. टिंब थांबलं होतं ते कॅथलिक चर्चपाशी.

तो तिथे पोचला, तो रागापेक्षा भीतीनेच. एकुलती एक लेक. आत शांतता होती. कोपऱ्यात कन्फेशनची लाकडी खोली, फादरपुढे पापं कबूल करायची. दार बंद, वर लाल दिवा. आत कुणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं.

अतुल दाराला तोंड लावून म्हणाला, "बाहेर ये. आणि आजपासून माझ्या घरात पाऊल ठेवू नकोस."

आतला आवाज थांबला. मागून कुणीतरी त्याचा दंड घट्ट धरला.

"डॅड, प्लीज," रुही रडवेल्या आवाजात कुजबुजली. "आबा आत आहेत."