डोक्यामागचा मुखवटा

खाणीच्या कॉलनीत हॅलोवीनला मुलांना घरोघरी चॉकलेटं मागायला नेणारी मीच, म्हणून सूचनाही माझ्याच: जोडीनं चाला, हात सोडू नका, मुखवट्यानं डोळे झाकू नका. संध्याकाळी सगळी भुतं, चेटकिणी होऊन आली. दुसरीतल्या आचलनं मात्र माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा डोक्यामागं बांधला होता. मुलं हसली. मी तो पुढं फिरवायला गेले, तर तिनं हात धरला. “मॅडम, माय जंगलात सरपण आणाले जाते, तवा असाच बांधते. वाघ मांगून येते. तोंड दिसलं का मंग येत नाई.” हसणं तिथंच थांबलं. शेवटच्या क्वार्टरमागं झुडपं काळी पडत होती. मी सगळ्यांना पुढं घातलं. आचल मुखवट्याची नाडी सोडत परत आली. “सगळ्याईच्या मांगं तुमीच ना?” मी खाली बसले. माझ्या डोक्यामागं मुखवटा बांधून मगच ती रांगेत गेली.