गॅरेजच्या दाराचा नकार

वामनतात्या गॅरेजसमोर येऊन उभे राहिले, पण आज दार उघडलं नाही. रोज सकाळी दारावरचं मशीन तात्यांची नजर, चाल आणि हाताची थरथर तपासायचं, आणि मगच दार वर सरकायचं.

"तात्या, आज गाडी नको," मशीन हळू आवाजात म्हणालं. "यापुढेही नको."

ते ऐकून त्यांची मुलगी सुलभा तणतणत बाहेर आली. "तरी मी दुकानात सांगत होते, साधं रिमोटवालं मशीन घेऊ! हे असलं शहाणं कशाला निवडलंत?"

"चौतीस वर्षं एसटी चालवली, एक अपघात नाही," तात्या म्हणाले. "आता थांबा, असं तुमच्यापैकी कुणी मला सांगितलं असतंत?"

गेल्या आठवड्यात गाडीवरचा नवा ओरखडा सुलभाला दिसला होता, आणि ती काहीच बोलली नव्हती.

तात्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. एसटीत चढल्यावर स्टिअरिंगला करायचे, तसाच नमस्कार त्यांनी दाराला केला. सुलभा पुढे झाली, तसं दार अलगद वर गेलं. तात्या गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसले.