शेवटचा रकाना

शेवटच्या वर्षाला सहा महिने कारखान्यात काम शिकल्याशिवाय आमच्या कॉलेजात पदवी मिळत नाही. बोईसर एमआयडीसीत मला नेमकं अण्णांचंच मशीन मिळालं. माझे वडील एकोणीस वर्षं तिथं कंत्राटी कामगार म्हणून औषधाच्या गोळ्या पॅक करत होते.

"वर्षाराणी, कानानं काम करायचं. आवाज बदलला की हात आधी लाल बटणाकडं," असं ते सांगायचे, आणि रोज माझ्या वहीत शिकवणाऱ्याच्या जागी सही करायचे. वहीवर छापलं होतं, 'उद्याच्या नोकरीसाठी आजचं कौशल्य'. शेवटच्या रकान्यात प्रश्न होता: विद्यार्थी एकटा मशीन चालवू शकतो का? तो रकाना भरायच्या दिवशी अण्णांनी घरून आणलेलं कुंकू वहीला लावलं, 'हो' लिहिलं आणि सगळ्या शिफ्टला पेढे वाटले.

सोमवारी गेटवर त्यांचा पास चालला नाही. सुपरवायझर म्हणाले, "आनंदा, आता पोरगी चालवतेय की. एका मशीनला दोन माणसं कशाला?"

अण्णांनी माझा डबा माझ्या हातात दिला. "चुकू नको," एवढंच म्हणाले आणि मागं फिरले.

"सर, मला तरी कायम कराल ना?" मी विचारलं.

"पदवी होऊ दे, मग बघू."

***

काल सुपरवायझरांनी पुढच्या बॅचच्या, माझ्या हाताखाली शिकणाऱ्या किंजलची वही माझ्यापुढं उघडली, पेन दिलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.