एकही निकाल फिरला नाही

"मेल्यावर मला ऐकू यायचं नाही. आत्ता वाच," जज्ज प्रॅथर म्हणाले.

वकील ऑरसन टीग यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. मिसूरीत नदीकाठच्या त्या भागात जज्ज वारला की वकील मंडळी कोर्टात जमत, त्याच्या गौरवाचा ठराव करत आणि तो कोर्टाच्या मोठ्या वहीत उतरवला जाई. जिवंत माणसाला त्याचा ठराव ऐकवायची पद्धत नव्हती. पण जज्जसाहेबांपुढे आजवर कुणाचं काही चाललं नव्हतं.

त्या दिवशी गुरुवार होता. शनिवार निघणं कठीण, असं डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते. ते जज्जनी ऐकलं, त्यांची मुलगी कझाया हिनं ऐकलं आणि दारात बुटाचा चिखल खरवडताना टीगनीही ऐकलं.

टीग वाचू लागले. केंटकीत लाकडी घरात जन्म. चुलीच्या उजेडात कायद्याचा अभ्यास.

"आमच्याकडे मेणबत्त्या होत्या. खोड ते."

टीगनी खोडलं. एकतिसाव्या वर्षी लोकांनी जज्ज म्हणून निवडून दिलं, पुढेही दर वेळी तेच. घोड्यावरून पाच तालुक्यांत कोर्ट नेलं. पुरात नदी पोहून गेले, पण कोर्टाची तारीख चुकवली नाही.

"पोहला घोडा. मी शेपूट धरून होतो."

कझायाला हसू आलं. टीगही हसले आणि जरा आवाज चढवून पुढे वाचू लागले, "बावीस वर्षांत वरच्या कोर्टानं त्यांचा एकही निकाल फिरवला नाही."

"ॲब्सलम रडचा?"

कझाया मक्याची पेज ढवळत होती, ती थांबली.

"तोही नाही फिरवला," टीग म्हणाले.

"कसा फिरवतील? वरचं कोर्ट बसणार होतं सोमवारी. मी फाशी ठेवली आदल्या शुक्रवारी. लोक म्हणाले, पेरणी तोंडावर आलीय, उरकून टाका. आणि माझी निवडणूक तोंडावर होती. सोमवारी त्यांच्या हातात कागद पडले तेव्हा रड मातीत गेला होता. माणूसच नाही तर अपील कुणाचं ऐकणार?" जज्जना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते म्हणाले, "अन् कापणीच्या वेळी दुसऱ्यानंच तो खून कबूल केला. वहीत मात्र रड अजून खुनी आहे. लिही, ऑरसन. तो शुक्रवार लिही, तो सोमवार लिही. जाऊ दे वहीत."

रडचे वकील टीगच होते. फाशीची तारीख वाचली गेली तेव्हा उठून मुदत मागायची, एवढंच त्यांचं काम होतं. ते बसून राहिले. जज्जशी वाकडं घेऊन त्या पाच तालुक्यांत वकिली कशी करणार?

"मुदत मागितली असतीस तर दिली असती," जज्ज म्हणाले. "मी तुझ्याकडे बघितलं होतं."

हे खरं की खोटं, ते जज्जनाच ठाऊक.

"आता जुनं उकरून कुणाला काय मिळणार, जज्जसाहेब? त्याची बायको कधीच टेक्ससला गेली."

"मुलगा आहे ना इथं. लोहारकाम करतो. माझ्या घोड्याला नाल मारत नाही तो, आणि बरोबर करतो." जज्जनी मान वळवली. "कझाया, दौत आण."

कझायानं दौत आणि टाक आणून टीगच्या पुढ्यात ठेवला. टीगनी हात लावला नाही.

"असं कसं करता येईल? ठरावावर तिघांच्या सह्या लागतात. बाकीचे दोघं बाहेरगावी आहेत. आणि स्वतःच्या ठरावात स्वतःच बदल करायचा, हे नियमात बसत नाही."

"मग माझा जबाब म्हणून वेगळा लिही."

"मी लिहिते, बाबा," कझाया म्हणाली. तिनं टाक उचललासुद्धा.

"घरच्यांनी लिहिलेलं कोर्ट धरत नाही, बाई. जबाबाला कोर्टाचा कारकून समोर हवा." टीगनी ठरावाची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात सरकवली. "मी त्याला घेऊनच येतो. सगळं रीतसर करू."

"कधी?"

टीग टोपी शोधत होते. टोपी त्यांच्या गुडघ्यावरच होती.

"सोमवारी," ते म्हणाले. "सोमवारी सकाळी, सगळ्यात आधी तुमच्याकडेच."

कझायाच्या हातातल्या टाकातून शाईचा थेंब चादरीवर पडला. जज्जनी टीगकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"तारीख बरोबर धरलीस, ऑरसन," ते म्हणाले. "माझ्याच कोर्टात शिकलास."