सैल वेढ्यांतला निरंजन

या, जरा जवळ सरकून बसा, मिरजेची एक गोष्ट सांगतो. त्या काळी गिटारीच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांखालच्या आवाज टिपणाऱ्या डबीत, आठवण धरणारी तार गुंडाळत. वाजवणारा गेला, तरी त्याचं वाजवणं त्या तारेतून पुन्हा ऐकू येई.

इंदुताई गेलेल्या मुलाची गिटार घेऊन दस्तगीरचाचांच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात आल्या.

"चाचा, उद्या निरंजनचं वर्षश्राद्ध. कीर्तनाआधी सगळ्यांना ऐकवायचीय. मागची घरघर तेवढी काढा."

चाचांनी नेहमीच्या रीतीनं पिकअप वितळलेल्या मेणात बुडवलं. तारेचे सैल वेढे घट्ट बसले, घरघर गेली.

इंदुताई ऐकू लागल्या. सूर आरशासारखा लख्ख होता. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

"वाजवताना तो गुणगुणायचा, चाचा. ते कुठं गेलं?"

चाचांना उलगडलं. बोटं तारेत मुरली होती, पण गळा त्या सैल वेढ्यांच्या थरथरीत होता. शिरलेलं मेण आता निघणार नव्हतं.

"तीच घरघर होती, ताई. चाळीस वर्षांचे माझे कान, तरी ओळखली नाही."

"मी तर आई," त्या म्हणाल्या, "आणि मीच काढा म्हटलं."

तर बाप्पांनो, हात जोडाल तेव्हा निरंजनला आठवा. गिटार राहू द्या, त्याचं गुणगुणणं आठवा.