मावशींच्या किल्ल्या

दार मागे धाडकन लागलं आणि तिच्या हातात कचऱ्याची रिकामी बादली तेवढी राहिली.

आत दोन वर्षांची लेक. गॅसवर दूध. फोन ओट्यावर, किल्ली फोनशेजारी.

"पिल्लू?" तिनं दाराला तोंड लावलं. "स्वयंपाकघरात जायचं नाही हं. इथंच बस. आई आलीच."

आतून स्टूल ओढल्याचा आवाज आला. लेक हल्ली दिसेल तिथं स्टूल नेऊन त्यावर चढायची. ओट्यावरही.

तिनं शेजारचं दार दोन्ही हातांनी बडवलं. रात्रपाळी करून झोपलेल्या नर्सबाई डोळे चोळत बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि चक्क हसल्या.

"एवढंच ना? थांब."

मिठाच्या बरणीमागून त्या एक किल्ली घेऊन आल्या. "तुझ्या सासूबाईंनी दिलेली. आमच्या नळाला पाणी नसलं की मी तुमच्याकडे आंघोळ करून ड्यूटीवर जायचे. कुणाला बोलू नकोस म्हणाल्या होत्या, नाहीतर बाथरूमबाहेर रांग लागेल."

किल्ली अर्धी आत गेली आणि अडली.

"दाबून बघते."

"नको," ती म्हणाली. किल्ली तिनंच बाहेर ओढली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर गलका ऐकून जिना उतरत आले. एका हातात काठी, दुसऱ्यात किल्ली. "सरका, तुमची झिजली असेल. माझी लागते. माझं आठवड्याचं इंजेक्शन मावशींच्या फ्रिजात असतं, म्हणून त्यांनी..." ते थांबले. "तुमच्याकडेही आहे?"

"तुमच्याकडेही?"

"मला तर म्हणाल्या, मास्तर, फक्त तुम्हालाच देतेय."

"सगळ्यांना तेच म्हणाली असणार. पक्की होती मावशी!" तळमजल्यावरचे सुतारकाका अवजारांची पिशवी घेऊन वर येत होते. त्यांनी खिसा चाचपला आणि तिसरी किल्ली निघाली. "आमच्यात वाजलं की बायको मला बाहेर काढायची. मावशी म्हणाली, जिन्यात बसू नकोस मेल्या, लोक हसतात. गुपचूप ये, झाकून ठेवलेलं जेव आणि मला उठवू नकोस."

मास्तरांनाही हसू आलं. हसतच ते वाकले, किल्ली लावायला गेले आणि तसेच राहिले. लॅच पिवळंधमक चमकत होतं.

"हे नवं आहे."

"काल बदललं," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात मी आंघोळीहून बाहेर आले, तर तुम्ही फ्रिजपाशी उभे. मी दिवसभर एकटी असते हो. सासूबाई जाऊन महिना झाला, आणि किल्ली कुणाकुणाकडे आहे, मला काहीच माहीत नव्हतं. दुसरी किल्ली ह्यांच्याकडे आहे, आणि हे पोचायला दोन तास."

नर्सबाईंनी किल्ली मुठीत मिटली.

"बरोबर केलंस," मास्तर म्हणाले. "मीच आधी विचारायला हवं होतं."

त्यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दाराच्या फटीतून करपल्याचा वास आला.

"काका, फोडा."

"चौकट चिरेल, सूनबाई. नवऱ्याला एकदा फोन..."

"फोडा हो!"

सुतारकाकांनी फटीत पटाशी लावली. नर्सबाई फतकल मारून जमिनीवर बसल्या आणि दाराच्या खालच्या फटीशी तोंड नेलं. "पिल्लू, ओळख बघू मी कोण?"

आत काहीच आवाज नाही.

"अगं, माझे पाय दुखतायत. मला बसायला स्टूल दे ना. आण बरं इकडे."

घाव बसत होते. मधल्या शांततेत स्टूल फरशीवर घसटत असल्याचं ऐकू आलं. जवळ येतंय की लांब जातंय, काही कळेना. तिनं दाराला कान लावला, तर सुतारकाका ओरडले, "बोटं काढा, वहिनी!" सूनबाईची वहिनी झाल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पाचव्या घावाला लॅच लाकडासकट सुटलं. काकांनी खांदा लावून दार इंच इंच आत ढकललं. दारापासून दोन हातांवर स्टूल होतं आणि स्टुलावर लेक.

आई तिच्या बाजूनं आत धावली. गॅस बंद केला. पातेलं कोळसा झालं होतं, ओढणी ओट्याला अडकून फाटली. परत येऊन तिनं लेकीला उचललं; तळवे पाहिले, बोटं, केस, पुन्हा तळवे. कुठं काही नव्हतं.

भिंतीला टेकून तिनं वळून पाहिलं.

दार सताड उघडं होतं आणि तिघंही बाहेरच उभे होते. मास्तर किल्ली सदऱ्याला पुसत होते. पुसून झाल्यावर ती कुठं ठेवायची हे त्यांना कळत नव्हतं. सुतारकाका लाकडाच्या ढलप्या गोळा करत होते, बाहेर पडलेल्या तेवढ्याच. आत पडलेली एक त्यांच्या हाताच्या अंतरावर होती, पण त्यांनी हात लांबवला नाही.

"उद्या नीट करून देतो," ते खाली बघत म्हणाले. "बाहेरूनच होईल काम."

"येतो आम्ही," मास्तर म्हणाले.

ती लेकीला घेऊन उंबऱ्यापर्यंत आली.

कडेवरच्या लेकीनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग मान जराशी तिरकी करून, आजीचाच लांबलचक हेल काढत ती म्हणाली, "या, या! उघडंच आहे!"