गरिबी बघायला आलेले मेहमान

पाहुणे गल्लीच्या तोंडाशी आले, तेव्हा चौथी खुर्ची अजून शेजारच्या अक्कम्माच्या दारातच अडकली होती. अजीजाने ती तिरकी करून ओढली, पदराने पुसली आणि आपल्या खोलीत शिलाई मशीनशेजारी मांडली.

मागोमाग अक्कम्मा कडक भाकऱ्या आणि शेंगा चटणीची वाटी घेऊन आली. "अगं, ते तुजी गरिबी बघाया यायलेत. बसू दे की खाली चटईवर."

"गरिबी बघाया आले तरी मेहमानच की," अजीजा म्हणाली.

भवानी पेठेतल्या त्या खोलीत आज साता समुद्रापलीकडची बँक येत होती. तिच्याच पैशातून बचत गटाला कर्ज मिळालं होतं आणि त्यातून हे मशीन आलं होतं. टॉवेलच्या कडा शिवून अजीजा घर चालवायची. मग परदेशातली मागणी आटली आणि हप्ते थकले. आता बँकेला दयेचा पाझर फुटला होता. पण दया कशी मोजूनमापून करावी लागते, नाहीतर नको त्या गरिबाला पोचते. जे अगदीच गरीब ठरतील त्यांचं कर्ज माफ होणार होतं, बाकीच्यांची मशीनं उचलून नेणार होते.

एक गोरे तज्ज्ञ आले आणि त्यांचं बोलणं मराठीत सांगणारे एक साहेब. दोघांनी कडक भाकरी चटणीशी मिटक्या मारत खाल्ली. तज्ज्ञांनी खुर्च्या पाहिल्या, चिनीमातीचे कप पाहिले आणि समाधानाने काहीतरी बोलले.

"ते म्हणतात, तुमचं छान चाललंय. माफीची काही गरज दिसत नाही."

चारचौघांत घराची झाकली मूठ उघडायची म्हणजे अजीजाला मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं. पण मशीन गेलं तर चूल कशावर पेटणार?

"साहेब, खुर्च्या अक्कम्माच्या हायत," ती मान खाली घालून म्हणाली. "कप बी तिचेच. भाकरी-चटणी तिनंच दिली. आमचं म्हणाल तर नुसतं पानी हाय."

साहेबांनी सांगितलं. तज्ज्ञांचा चेहरा उतरला. हातातला घास त्यांनी खाली ठेवला आणि कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत राहिले. अजीजाला हायसं वाटलं. गोरा असला तरी माणूसच आहे, ती मनाशी म्हणाली.

साहेबांनी घसा खाकरला. "ते म्हणतात, फार वाईट वाटलं. पण खुर्च्या, कप, भाकरी असं तुमच्यावर बाहेरचं एवढं देणं आहे, हे आधी जाहीर करायला हवं होतं. देणं लपवणाऱ्याला आमच्या बँकेत माफी नसते."